उघडं दिसलं की बुजवा

तात्या पागनीस गेले तेव्हा मंडळाच्या हॉलात शोकसभा झाली. उज्जैनच्या माधव नगरातला झाडून सगळा मराठी माणूस आला होता, आणि जो तो उठून एकच सांगत होता, तात्यांना मोटारीची नाडी कळायची हो! शेवटी अध्यक्ष माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्हीही दोन शब्द बोला. तुमचा तर रोजचा शेजार." मी हातानेच नको म्हटलं. लोकांना वाटलं, मला गहिवरून आलं. गहिवर कसला डोंबलाचा! मी तोंड उघडलं असतं तर त्या सभेची शोभा झाली असती. म्हणून तिथे मूग गिळून बसलो, आणि आता इथे लिहितोय.

मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल शिकवायचो. तात्यांचं दुकान फ्रीगंजमध्ये, टावर चौकापासून हाकेच्या अंतरावर. पुढे सीट कव्हरं, हॉर्न, चकाकत्या व्हील कॅपा. मागे गाडीखाली उतरायचा खड्डा. त्या वर्षांत उज्जैनमध्ये नव्या गाड्यांचा नुसता पूर आला होता. ज्याच्या बापाने जन्मभर सायकल हाणली तो कर्ज काढून चारचाकी दारात उभी करायचा, आणि पहिल्या आठवड्यात तात्यांकडे यायचा. तात्या दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसलेले. पांढरा सफारी, खिशाला तीन पेनं, तोंडात पान. त्या सफारीवर मी कधी ग्रीसचा ठिपका पाहिला नाही. ठिपका पडणार कसा? हा गृहस्थ गाडीला हातच लावायचा नाही. खुर्चीतून बोट दाखवायचा आणि खड्ड्यातली माणसं कामाला लागायची.

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या पणजोबांच्या पणजोबांकडे सरकारची पागा होती. हे ते गिऱ्हाइकाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. "घोडा काय नि मोटर काय, दोघांना धाक लागतो. समझे कि नी?" असं म्हणून उठायचे आणि बॉनेटवर थाप मारायचे. लोक माना डोलवायचे. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी घोड्यांना चंदी घातली म्हणून ह्यांना कार्बोरेटर कळतो, हे आमच्या शिकल्यासवरल्या मराठी समाजाला पटायचं. मला त्या समाजाचाही राग येतो, पण तो पुन्हा कधीतरी.

माझ्या स्कूटरला एकदा खडखड सुरू झाली. तात्यांनी लांब पेचकस मागवला. त्याचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. अर्धा मिनिट तसे उभे राहिले आणि म्हणाले, "टॅपेट." इंजिन खोललं. पंधरा दिवस मी पॉलिटेक्निकला पायी गेलो. स्कूटर परत मिळाली तर खडखड जिथल्या तिथे. त्या संध्याकाळी बायको भाजीची पिशवी घेऊन मागे बसायला गेली आणि म्हणाली, "अहो, ही स्टेपनी हलतेय." नट ढिला होता, हाताने आवळला, खडखड बंद. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दुकानात जाऊन सांगितलं. तात्या पान थुंकून शांतपणे म्हणाले, "टॅपेट ठीक केला म्हणूनच तर स्टेपनीचा आवाज ऐकू आला तुला."

असा हा माणूस. चुकला तरी वर, आणि पकडला गेला तर आणखी वर!

त्यांचा एक नियम होता आणि तो ते गायत्रीमंत्रासारखा म्हणायचे, "खुला है, तो लीक है." गाडीत कुठेही भोक दिसलं, नळीचं तोंड मोकळं दिसलं, की कंपनीवाले झोपले होते असं जाहीर करून तिथे पुट्टी लिंपायची. एका बँक मॅनेजरच्या गाडीच्या दारांना खालून बारीक भोकं होती, पाणी निघून जायला कंपनीनेच ठेवलेली. तात्यांनी चारही दारांची भोकं बुजवली. श्रावणात दारं पाण्याने भरली. मॅनेजर वळण घ्यायचे तेव्हा दारात घागर हिंदकळल्यासारखा आवाज यायचा. मॅनेजर तक्रार घेऊन आले तर तात्या म्हणाले, "बघा, किती पाणी आत शिरत होतं!" आणि मॅनेजर, एवढ्या मोठ्या शाखेचा मनुष्य, "हो ना," म्हणून परत गेला.

इथपर्यंत हसण्यावारी नेता आलं असतं. मीही नेलंच की. चहाच्या टपरीवर तात्यांच्या नकला करण्यात मी पहिला. पण मग मालूताईंची गाडी आली.

मालूताई म्हणजे डॉक्टर मालती. फ्रीगंजमध्ये त्यांचं बाळंतपणाचं नर्सिंग होम होतं. नवरा लवकर गेला, बाईंनी एकटीने सगळं उभं केलं. तात्या हे नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ, म्हणून त्यांना त्या भाऊजी म्हणत आणि त्यांच्यापुढे आवाज चढवत नसत. आसपासच्या गावांतून कुठल्याही वेळी बोलावणं यायचं, म्हणून त्यांनी परदेशी कंपनीची, पण इथेच जोडलेली एक मोठी पांढरी गाडी घेतली. कार्बोरेटर जाऊन कॉम्प्युटर आलेली. ती चालवायचा मांगीलाल.

मांगीलाल चौदा वर्षं त्यांच्याकडे होता. देवास रोडच्या एका खेड्यातला, उंच, कमी बोलणारा. गाडीबरोबर आलेलं जाडं पुस्तक त्याने माझ्याकडे आणून त्यातला एकेक भाग हिंदीत समजून घेतला होता. फ्रीगंजमधला दुसरा कुठला ड्रायव्हर असं करेल? तात्या मात्र त्याला पुस्तकी पंडित म्हणून चिडवायचे. पुस्तकात लिहिलं होतं की पंपाचं नोझल एकदा खट् करून थांबलं की आणखी पेट्रोल ओतू नका. तात्यांनी मालूताईंना सांगितलं, "मालती, तो पंपवाल्याकडून लुटवतोय तुला. गाडी हलवून हलवून गळ्यापर्यंत भरायला सांग." झालं, बाईंनी सांगितलं. मांगीलालने दोनदा पुस्तक दाखवलं, मग मुकाट्याने भरू लागला.

दसऱ्याला तात्यांनी भावजयीच्या गाडीला भेट दिली, मागच्या काचेत झिलमिल दिव्यांची पट्टी. चावी फिरवली की लाल-हिरवे दिवे पळायला लागायचे. बाळंतपणाच्या डॉक्टरच्या गाडीला ही वरातीची शोभा कशाला, असं विचारायची कुणाची छाती? ती बसवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून समोरच्या काट्यांमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा पेटला. तात्यांनी निदान केलं, "नव्या गाड्या नाटकी असतात," आणि दिव्याचा बल्बच काढून टाकला. दिवा दिसेना, म्हणजे बिमारी गेली. पुढे मागच्या सीटवर पेट्रोलचा वास यायला लागला. तेव्हा गाडी खड्ड्यावर गेली, आणि टाकीच्या मागे एका नळीचं तोंड मोकळं सापडलं. पुढचं सांगायला नकोच.

ह्यातलं मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. मला कळलं ते एकदम शेवटचं, की मांगीलालला चोर म्हणून काढलं.

झालं होतं असं. गाडी तात्यांच्या खड्ड्यावरून आली आणि टाकी भरेचना. पंपावर तीन-चार लिटर गेले की नोझल खट्. पुन्हा दाबलं की पुन्हा खट्, आणि पेट्रोल उसळून हातावर. मांगीलाल दर दिवसाआड पंपावर. "बाई, लेती नी है टंकी," एवढंच तो सांगायचा. बाई बुचकळ्यात पडल्या आणि त्यांनी विचारलं कुणाला, तर भाऊजींना. तात्या नर्सिंग होमच्या दारात आले. नर्सा होत्या, पेशंटांचे नातेवाईक होते, समोरचे केमिस्ट होते. त्या सगळ्यांसमोर तात्यांनी मांगीलालला हात पुढे करायला सांगितले आणि ते हुंगले. आयुष्यात ह्या माणसाने कधी बोटाला तेल लागू दिलं नाही, आणि दुसऱ्याचे हात हुंगून निकाल देतो! "पेट्रोल," ते म्हणाले. "रोज भरता है, रोज निकालता है. चोर है ये, मालती." मग दुकानात परतून टावर चौकातल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांनी आठवडाभर हेच ऐकवलं.

मांगीलालने चावी टेबलावर ठेवली आणि निघून गेला. त्याने फ्रीगंजमध्ये चार डॉक्टरांकडे विचारलं. चौघांनीही त्याला दारातूनच परत पाठवलं. पेट्रोलचोर ड्रायव्हर कोण ठेवणार?

आता गंमत बघा. चोर गेला, तरी टाकी भरेना. नवा ड्रायव्हर आला, त्याच्याही हाताला पेट्रोल. एवढ्यावरून कुणाच्या डोक्यात प्रकाश पडावा की नाही? तात्या म्हणाले, "हा पण त्यातलाच." मग एका दुपारी इंदूर रोडवर गाडी चालता चालता दम टाकून थांबली. मालूताई आत, एका अडलेल्या पेशंटकडे निघालेल्या. ड्रायव्हरने टाकीचं झाकण उघडलं तर फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी सुरू झाली. बाई वेळेवर पोचल्या, पण घाबरल्या. येताना त्यांनी इंदूरला कंपनीच्या वर्कशॉपात गाडीला तपासणीचं मशीन लावून घेतलं. वर्कशॉपवाल्यांनी कागद दिला, टाकीच्या वाफेच्या व्हेंटचं सर्किट तुटलंय, वाल्व बाहेरून मागवावा लागेल. तो कागद घेऊन त्या माझ्याकडे आल्या.

"मास्तर, हे व्हेंट म्हणजे काय हो?"

मी म्हटलं, तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो ना? एकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा जाते. टाकीचंही तसंच. फक्त पेट्रोलची वाफ बाहेर सुटू नये म्हणून ती कोळशाच्या डबीत अडवतात, आणि त्या डबीच्या श्वासाच्या वाटेवर एक विजेचा वाल्व असतो. ती वाट बंद झाली की भरताना आतली हवा निघत नाही, चालवताना बाहेरची शिरत नाही.

बाई हुशार. लगेच म्हणाल्या, "म्हणजे टाकी खरंच घेत नव्हती?"

मी मांगीलालच्या गावी गेलो. तो अंगणात बसला होता. यायला तयार झाला, पण एका अटीवर. "मास्साब, खोलो आप. मैं बस बताऊंगा. गाडी को हाथ नी लगाऊंगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मालूताईंच्या पोर्चमध्ये गाडी उचलून घेतली. मांगीलाल दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा. चावी फिरवली तेव्हा सगळे दिवे क्षणभर लागायला हवेत, पण पिवळा लागलाच नाही. "पहले वो देखो," तो म्हणाला. उघडून पाहतो तर बल्बची जागा रिकामी! मग मी खाली शिरलो. वाल्वचा प्लग काढून आतली कॉइल मीटरवर पाहिली. शाबूत. म्हणजे परदेशातून काही मागवायची गरज नव्हती, वाल्व चांगला होता. प्लगमध्ये येणारा करंट पाहिला तर काहीच नाही. वायर हाताने चाचपत मागे गेलो. वीतभर अंतरावर काळ्या टेपचा गोळा लागला. टेप सोडवली. वाल्वची वायर मधोमध कापलेली, आणि करंटवालं टोक सरळ वर, त्या झिलमिल पट्टीला जोडलेलं! दुसरं टोक तसंच लोंबतंय. दिव्यांची वायर टेल लॅम्पपर्यंत न्यायचा आळस, म्हणून हाताला लागली ती पहिली वायर कापली.

मांगीलाल वरून म्हणाला, "अब नली का मुंह देखो, मास्साब."

नळीच्या तोंडाला दगडासारखी घट्ट करडी पुट्टी. पेचकसाने ठोकून ठोकून फोडली. कोळशाची डबी हलवली तर आत पेट्रोल डुचमळलं. गळ्यापर्यंत भरायचा सल्ला तिथे जाऊन बसला होता, वासाचं मूळ ते. एकूण एक काम तात्यांचं. एक लपवायला दुसरं, दुसऱ्याच्या पोटी तिसरं, आणि सगळ्याचं पाप त्या माणसाच्या माथी. खरं सांगतो, मला त्या क्षणी त्यांच्या सफारीला हात पुसावेसे वाटले.

वायर जोडली, इंदूरहून नवी डबी आणून घातली, नळी साफ केली, बल्ब बसवला. चावी फिरवल्यावर पिवळा दिवा लागला आणि इंजिन चालू होताच विझला. मग आम्ही तिघं पंपावर गेलो. पंपवाल्याने नोझल लावलं. मांगीलाल चार हात दूर, हात तसेच पाठीमागे. दहा लिटर, वीस, तीस. मध्ये एकदाही खट् नाही. टाकी भरली तेव्हा एकदाच थांबलं. मालूताई आकड्यांकडे बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मांगीलाल, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "उद्यापासून या."

मांगीलाल म्हणाला, "बाई, आपने अकेले में बोला. चोर तो सबके सामने बोले थे."

त्याला पगार वाढवून नको होता की काही नको होतं. तात्यांनी टावर चौकात, दुकानासमोर, जिथे आठवडाभर चोर म्हटलं तिथेच एकदा म्हणावं, मांगीलाल चोर नाही. बस.

बाईंनी तात्यांना घरी बोलावलं. पुट्टीचा तुकडा आणि कापलेली वायर टीपॉयवर ठेवली होती. मी बोलायचं असं ठरलं होतं. मी बोललोही, पण कसं? "तात्या, म्हणजे असं झालं असावं बहुधा..." असं चाचरत. इतकी वर्षं पाठीमागे नकला करणारा मी, समोर बसल्यावर नुसतं 'असावं' आणि 'बहुधा'! तात्यांनी पुट्टीचा तुकडा उचलून उजेडात धरला, बोटाने टिचकी मारली आणि म्हणाले, "काम बघ कसं पक्कं झालंय. कंपनीला जमलं नसतं." मग म्हणाले, "वायर काय, पोरांनी कापली असेल." मग म्हणाले, "मालती, चहा टाक."

मालूताईंनी मांगीलालचं म्हणणं सांगितलं. तात्या हसले. खरंच हसले. "चौकात? पागनीसांनी ड्रायव्हरची माफी मागायची? अरे भई, झालं गेलं. कामावर घे त्याला, मी काही मनात ठेवत नाही." ऐका! हे मनात ठेवत नाहीत!

मांगीलाल दाराशी उभा होता, सगळं ऐकत. त्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. मग बाई उठल्या आणि आत गेल्या, आणि थोड्या वेळाने खरोखरच चहा घेऊन आल्या, भाऊजींसाठी. त्या कपाचा आवाज ऐकून मांगीलाल वळला आणि फाटकातून बाहेर पडला. पुढे कळलं की तो देवासला एका कारखान्याचा टेम्पो चालवतो. उज्जैनला तो परत आला नाही. मालूताईंनी ती पट्टी स्वतः उपटून फेकली, पण तोवर काय उपयोग?

तात्यांना मी शेवटचं पाहिलं ते सात-आठ वर्षांनी. थकले होते, सफारी अंगावर ढगळ झाली होती, पण खुर्ची तीच. नवी गाडी घेतलेलं एक जोडपं समोर उभं होतं आणि तात्या रंगात आले होते. "डॉक्टरबाईंची गाडी, इंदूरवाल्यांनी हात टेकले. म्हणाले, पार्ट विलायतेहून येईल. मी म्हटलं, हटो. स्वतः खाली गेलो. एक नळी बुजलेली होती, ती मोकळी केली, एक वायर जोडली. गाडी आजतागायत चालते." जोडपं थक्क. "आणि त्याच गाडीचा ड्रायव्हर पेट्रोल चोरायचा, तोही मीच धरला. नुसते हात हुंगून!"

नळी बुजलेली होती तर चोरी कसली, हे त्या जोडप्याच्याही डोक्यात आलं नाही. त्यातली बाई कौतुकाने म्हणाली, "अगं बाई! हात हुंगून?"

तात्यांनी मला पाहिलं आणि आनंदाने हाक मारली. "मास्तर, तू होतास की तेव्हा! सांग ह्यांना. काय नाव होतं रे त्या चोराचं?"

चौकात गर्दी होती, दुकानात पाच-सहा माणसं होती. सगळे माझ्याकडे बघत होते. तिथेच म्हणायचं होतं ते वाक्य, आणि म्हणायला आता फक्त मी होतो.

मी म्हटलं, "आठवत नाही, तात्या." आणि घरी आलो.